मांडीवरचा हात

डार्मश्टाट, जर्मनी, रविवार

प्रिय बाबा,
सप्रेम सलाम.

आज उपासनेनंतर आमच्या छोट्या अँग्लिकन मंडळीची सभा झाली. दोन बायकांच्या किंवा दोन पुरुषांच्या जोडप्याला चर्चमध्ये आशीर्वाद द्यावा का, यावर बिशपांचंच एकमत होत नाही. म्हणून पाळकबाईंनी आम्हालाच हात वर करायला सांगितलं.

शेजारी ईप्सिता होती. तुम्हाला मी ती रूममेट असल्याचं सांगितलंय, पण गेली चार वर्षं आम्ही जोडप्यासारख्याच राहतोय. हे पत्र पाठवणार नाही, म्हणूनच लिहू शकतेय. मागच्या बाकावर तुमचे नगरचे मित्र दीनानाथकाका बसले होते; सध्या ते इथे मुलाकडे आलेत.

ईप्सिताने हात वर केला. माझा हात मांडीवरच राहिला. ठराव दोन मतांनी पडला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या बाबांना इथलं दिसत नाही गं."

"काकांना दिसतं," मी म्हणाले.

"आणि मला?"

ती एकटीच ट्राममध्ये चढली.

दुपारपासून मी फोन समोर ठेवून बसलेय. वाजला तर तुमचा असेल, अशी भीती वाटते. नाही वाजला, तर ती परत येणार नाही अशी.

तुमची,
शुभदा