ओंडके डावीकडून येतात

४ मार्च, सोमवार
बक्षीस मिळालं काय — तर खेळणं! आमच्या दातांच्या लॅबचा वाढदिवस म्हणून मालकीणबाईंनी चिठ्ठ्या काढल्या. माझ्या वाट्याला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. सतरा वर्षं लोकांच्या कवळ्या घासतेय, पन्नाशी आली, आणि हे! त्यात भट्टी बिघडली म्हणून लॅब तीन आठवडे बंद. हे म्हणाले, "बरं झालं, घरी करमेल तुला." हे लिफ्ट दुरुस्त करतात. बटण दिसलं की ह्यांना आनंदच होतो.
घरात सासूबाईही असतात. आमच्यात कामापुरतंच बोलणं. गेली दोन वर्षं तर तेवढंही नाही.

५ मार्च, मंगळवार
एक बदक आहे. त्याला नदी ओलांडायची असते. नदी कसली — दोन्ही बाजूंनी ओंडके वाहत येतात! ओंडका लागला की बदक पाय वर करतं आणि असं काही ओरडतं की मी एकटीच फिदीफिदी हसत सुटले. भाजी करपली. वरची वरची काढून वाढली. कुणाला कळलं नाही.

६ मार्च, बुधवार
३,८४० गुण!!

८ मार्च, शुक्रवार
सासूबाईंनी पुन्हा पाण्याचा ग्लास पाडला. आठवड्यातला तिसरा. पाणी थेट माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर. माझा तोल गेला. "मुद्दाम करता का हो आई?"
"ठेवतेस कुठे ते तुझं तुलाच ठाऊक," म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मला वाटलं, रागाने.
त्यांनी नणंदेला फोन लावला. तेवीस तारखेला ती न्यायला येणार. कायमचं.
मला हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

१० मार्च, रविवार
गेममध्ये सगळ्यात वर कुणाचे तरी ९,१२०! माझे नाहीत. ह्यांना दरडावून विचारलं. "तुझी शपथ, हातसुद्धा लावला नाही!" खोटं बोलताना ह्यांचे कान लाल होतात. कान साधे होते.
मग कोण?

११ मार्च, सोमवार
बाजारात जाते म्हणून निघाले, कोपऱ्यावरून परत फिरले. चपला हातात घेऊन आत गेले.
माझ्या पलंगावर सासूबाई! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गेम छातीशी, आणि बदकाला म्हणतायत, "पळ मेल्या, पळ! झोपा काय काढतोस!"
मला हसू आवरेना. त्यांनी गेम उशीखाली सारला. वय ब्याऐंशी! चेहरा असा की जणू उशीच सारखी करत होत्या.
"चार्जिंग संपत आलंय त्याचं," एवढंच म्हणाल्या.

१३ मार्च, बुधवार
आता आळीपाळीने खेळतो. हरली तिने चहा करायचा. तीन दिवस मीच करतेय!
"तू घाई करतेस," म्हणाल्या. "ओंडका जाऊ दे, मग पाऊल टाक. माझ्या पोराला होकार देतानाही घाईच केलीस."
ही बाई विनोद करते! अठ्ठावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.
हे दारात उभे राहून म्हणाले, "जेवायला मिळेल का?" दोघी एकदम, "थांबा!" "थांब!"

१५ मार्च, शुक्रवार
त्यांचं खेळणं आज नीट बघितलं. दर उडीआधी मान पार डावीकडे वळवतात, चिमणीसारखी.
"आई, मान का फिरवता?"
"डावीकडून येणारे ओंडके आधी दिसत नाहीत गं. वळून बघावं लागतं. तुला दिसतात?"
मी त्यांच्या डाव्या कानाशी हात हलवला. "माझा हात दिसतो?"
"कुठला हात?"
पाण्याचे ग्लास. दाराची चौकट. सगळं डाव्या बाजूचं! आणि मी विचारत होते, मुद्दाम करता का.
उद्याचीच वेळ घेतली.

१६ मार्च, शनिवार
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बरीच नजर गेलीय, ती परत यायची नाही. उजव्यात आत्ताशी सुरुवात आहे. रोज थेंब घातले तर वाचेल. "आणखी काही वर्षं कळलं नसतं तर दोन्ही गेले असते," म्हणाल्या. "तुमच्या लक्षात आलं कसं?"
सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "बदकामुळे."
डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. समजावून सांगताना मी निम्मी हसत होते, निम्मी रडत.
घरी आल्यावर म्हटलं, "आई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."
"बोललीस खरी," म्हणाल्या. मग चष्मा पुसत, "मलाच वाटायचं मी धांदरट झाले. सांगायची लाज वाटायची. लेकीकडे तरी कुणी बोल लावणार नाही म्हणून निघाले होते."

१९ मार्च, मंगळवार
सकाळी आणि संध्याकाळी थेंब. मी घालते. त्या आधी घट्ट डोळे मिटून घेतात, मग मी ओरडते, मग त्या ओरडतात. ग्लास आता उजवीकडे. चौकटीला ह्यांनी पिवळी पट्टी चिकटवली.
१४,६५०! त्यांचेच. ह्यांनी खेळून बघितलं — ६०. सासूबाई लेकाला म्हणाल्या, "तू आपला लिफ्टच बघ."

२३ मार्च, शनिवार
नणंद आली. जेवली, खेळली, हरली, सगळ्यांना चहा करून दिला. बॅग भरायची का, विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई कुठेही जाणार नाहीत."
नणंद एकटीच परत गेली.