शिंपल्यांच्या गोळीची परीक्षा

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९५८

ती. बाबांस,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे, फक्त खाणावळीतला भात खाताना आपल्या सिंदेवाहीच्या भाताची फार आठवण येते. आपल्या शेजारच्या सोमाजीभाऊने तुमच्या गोळ्यांची डबी आणून दिली. बराच वेळ बसला, बोलला. त्याचं पुढे लिहिते.

आधी तुमचा निकाल. शाळेत सगळ्यांना पास-नापास करणारे गुरुजी, आज तुम्ही पास! आपल्या बोडीच्या तळ्यातल्या शिंपल्यांची तुमची जळजळीवरची गोळी बाजारच्या गोळीच्या जवळजवळ दीडपट ॲसिड मारते. आमच्या सरांनी स्वतः आकडे तपासले. मला इतका आनंद झाला की वसतिगृहापर्यंत जवळजवळ पळतच आले.

पण त्याआधी माझी चांगलीच फजिती झाली. गोळी भरपूर ॲसिडमध्ये विरघळवायची आणि उरलेलं ॲसिड संपेपर्यंत नळीतून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. संपलं की आधी घातलेल्या दर्शकाच्या थेंबांनी पाणी हलकं गुलाबी होतं. माझं झालं लालभडक! पोरी म्हणाल्या, "कमळा, कुंकू कालवलंस का?" गोळ्या चिकटू नयेत म्हणून तुम्ही त्या हळदीत घोळवता, आणि हळद सोड्याने लाल होते, हे मी साफ विसरले होते. सर हसता हसता चष्मा पुसायला लागले. मग दुसऱ्या गोळीवरची हळद खरवडून काढली आणि पुन्हा सगळं केलं.

नंतर सरांनी सहज विचारलं, "वडील स्वतः घेतात का या गोळ्या?" मी ऐटीत म्हटलं, "रोज." "किती?" माझी ऐट तिथेच उतरली.

कारण सोमाजीभाऊ म्हणाला होता, "काकाजी पार वाळून गेले, बाई. मूठ मूठ गोळ्या खाऊन राह्यले. परसाकडं काळं होते म्हणून काकी रडत होती. मले म्हणाले, कमळीले सांगू नोको, तिची परीक्षा हाय."

बाबा, मला तुमचा राग आला आहे आणि रडूही येतं आहे. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोटात जखम असेल, रक्त जात असेल. गोळीने जळजळ थांबते, जखम भरत नाही. तुमची गोळी इतकी चांगली निघाली, त्याचीच आता मला भीती वाटते. ती टाकाऊ असती, तर तुम्ही केव्हाच दवाखाना गाठला असता.

सरांच्या ओळखीचे डॉक्टर पुढच्या सोमवारी तुम्हाला तपासतील, पोटाचा फोटो काढतील. वेळेत आलात तर बरे व्हाल, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. रविवारच्या छोट्या गाडीने आईला घेऊन या. मी इतवारी स्टेशनवर उभी असेन. गाडीतून उतरला नाहीत, तर तीच गाडी परत निघेल तेव्हा मी तिच्यात बसलेली असेन. परीक्षेचं मग काय व्हायचं ते होवो.

तुमच्या गोळीवर पुरता विश्वास असलेली, पण तुमच्या "मी बरा आहे"वर यापुढे मुळीच नसलेली,

तुमची
कमळी