मागच्या बाकावरचा जावई

प्रिय मारिसेल,

खोकं भरून झालं. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, तुझ्या टालाचे बूट, आर्नेलसाठी पांढरा शर्ट. सगळ्यात वर हे पत्र. बोटीने फिलिपिन्सला, तुमच्या इलोइलोला पोचायला वेळ लागेल, माहीत आहे. पण फोनवर तुझा चेहरा दिसतो, मग माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

इथे अमेरिकेत, स्टॉक्टनला थंडी पडलीय. मी जिला सांभाळते ती म्हातारी हल्ली मलाच विचारते, "तू कोणाची गं?" काल म्हटलं, "मारिसेलची." तिला काय कळणार! पण मला बरं वाटलं. चर्चमध्ये लुझताई भेटली. तिच्या मुलाचा नंबर लागला, व्हिसा आला. तिने सगळ्यांना पान्सित, आपल्या त्या परतलेल्या शेवया, खाऊ घातलं. मी मागून मागून खाल्लं आणि घरी येऊन रडले. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

तुला इथे आणायचा अर्ज भरला तेव्हा तू कॉलेजात होतीस. ग्रीन कार्डवाल्या आईची अविवाहित मुलगी, ही आपली रांग. लग्न केलंस की रांगेबाहेर. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं, म्हणून तू आणि आर्नेल, तुम्ही दोघांनी हसत मान्य केलंत. टाला झाली, तरी लग्न नाही. तिच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ मी अजून बघते. पोरीचा सख्खा बाप सगळ्यात मागच्या बाकावर, पाहुण्यासारखा मान खाली घालून बसलेला. फोटोत आला तर वकिलातीत वाटेल लग्न झालंय, ही धास्ती. शेजारच्या पासिंगकाकूने टोमणा मारला होता, "अगं, हा नवरा आहे की भाडेकरू?" आणि तू म्हणालीस, "काकू, भाडेकरू कधी भांडी घासतो का?" मला सांगताना किती हसलीस! आता वाटतं, तू फोन ठेवून काय करत असशील?

माझी पाठ दुखत होती ना, ते पाठीचं नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून सांगितलं. तिथून मी थेट वकिलाकडे गेले. औषधाचं राहिलं बाजूला, आधी तुझ्या रांगेचं विचारलं. तो म्हणाला, अर्ज करणारं माणूसच गेलं तर अर्जही जातो. दयेची विनंती करता येते, "पण काकू, आशा लावून बसू नका." तुझा नंबर अजून लांब आहे, आणि मी तोवर टिकत नाही गं. हरले मी.

खोक्याच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला पांढरा झगा आहे. तू इथे उतरलीस की लगेच लग्न लावायचं म्हणून केव्हाच घेऊन ठेवला होता. तो आता तिथेच घाल. खोकं पोचेपर्यंत असले तर फोनवर बघेन. नसले तर लोक म्हणतील, आधी आईच्या दुःखाचं वर्ष पाळा, मग लग्न. कुणाचं ऐकू नकोस. तुम्ही दोघांनी खूप वर्षं पाळलंय. आर्नेलला म्हणावं, आईने पाठवलेला शर्ट घाल आणि पुढच्या बाकावर येऊन बस.

तुझीच,
मारिसेलची आई