बशीतले स्क्रू, डबीतली रांग

२ मार्च, दुपार
लग्नानंतर हे रेडिओ उघडून बसायचे आणि मी टॉर्च धरायची. निघालेला एकेक स्क्रू बशीत ओळीने मांडायचे, लावताना उलट्या क्रमाने उचलायचे. एकदा मी बोलण्याच्या नादात त्याच बशीत चहा ओतला. रागावले नाहीत. स्क्रू पुसून पुन्हा तसेच मांडले.
आज ह्यांनी शर्टावर बनियन घातलं. लेक फोनवर म्हणाली, महिनाअखेर येते. तोवर तुला झेपलं नाही तर बाबांना केअर होममध्ये ठेवू. न झेपायला काय झालं? कॉन्व्हेंटमध्ये टापटिपीचं बक्षीस माझंच असायचं. ह्यांचा थोडा विसराळूपणा आहे, इतकंच.
बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटर, मागवला. छोटा पडदा, भोंगा. आठवण करून देणारी डबी करणार. त्याची भाषा, मायक्रोपायथन, आठवड्यात शिकेन.

११ मार्च, सकाळ
शिकले. जवळजवळ.
सकाळची कामं डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या यादीत, भरली. मोठ्या कॉम्प्युटरवर क्रम अगदी बरोबर. डबीवर आधी ‘बूट घाला’, मग ‘अंघोळ करा’. हे आज्ञाधारक. बूट उन्हात वाळताहेत.
पुस्तकात पुढच्या पानावर लिहिलंय, या छोट्या पायथनच्या साध्या डिक्शनरीत क्रम राहत नाही. त्याला ऑर्डर्डडिक्ट लागते. आधीच्या पानावर सांगायला काय झालं होतं?

१५ मार्च
ऑर्डर्डडिक्ट उत्तम. हे बूट न घालता अंघोळीला गेले. लेकीला कळवलं. ती ‘बरं’ म्हणाली. उत्साहाने म्हणाली असं धरते.
आज नेमटपल शिकले. नाव, नातं, वय, सगळे कप्पे एकदा भरले की बदलता येत नाहीत. लग्नासारखं. त्यात आम्हा सगळ्यांना बसवलं.

२० मार्च
दिवसभराच्या सूचनांसाठी डेक, म्हणजे रांग. लांबी आधीच ठरवावी लागते. पाच ठेवली. पाच गोष्टी कुणालाही आठवतात.

२४ मार्च
स्वयंपाकघर काळं. गॅसवरचं दूध जळलं.
रांगेत सगळ्यात आधी ‘गॅस बंद करा’ होतं. नंतर मी ‘मी अंगणात आहे’ आणि आणखी काय काय घातलं. रांग भरली की नवं आत येतं, जुनं गुपचूप बाहेर पडतं. आवाज नाही, तक्रार नाही.
शेजारीण म्हणाली, दूध कुणी ठेवलं होतं? मीच. पण प्रश्न तो नाही.

२९ मार्च, संध्याकाळ
लेक आली. डबीची परीक्षा. शेवटची ओळ मी मुद्दाम घातली होती: ‘समोर बसली आहे ती तुमची बायको.’
भोंगा वाजला. ह्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार अदबीने म्हणाले, “बाई, यंत्र बिघडलंय. आमची मंडळी जेमतेम चोविशीची आहे.”
लेक खिडकीकडे वळली. मी म्हटलं, पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत.
मग ह्यांनी बशी मागितली. डबी उघडली, स्क्रू ओळीने मांडले, आत फुंकर मारली, उलट्या क्रमाने सगळे बसवले. एकही चुकला नाही. म्हणाले, “मंडळी आली की सांगा हं, दुरुस्त झालंय.”
मी सांगते म्हटलं.
माझ्या डबीतून जुनं गळतं. ह्यांच्या रांगेत नवं टिकत नाही, आणि जुन्याचा नेमटपल झालाय.

३१ मार्च, सकाळ
केअर होमची गाडी दहाला. ह्यांची बॅग लेकीने भरली. मला ओळीने भरता येईना.
बशी आणि बारीक स्क्रूड्रायव्हर ह्यांच्याबरोबर द्यायचे. तिथल्या नर्सला सांगायचं, बिघडलेलं काहीतरी रोज पुढ्यात ठेवा. रेडिओ लेकीला. सोल्डरिंग आयर्न जावयाला, हवं का विचारल्यावर तो ‘बघतो’ म्हणाला होता. बूट वाळले, तेही द्यायचे.
डबी मला. रांगेची लांबी एक केली आहे. त्यात ‘रविवारी भेटायला जायचं’ एवढंच. आता दुसरं काही घालणार नाही.