हिसका न देता बसणारा गळ

रविवार, संध्याकाळ

अण्णांशी खोटं बोलले. म्हणजे अर्धंच खोटं.

रत्नागिरीत मी ज्या नावेवरून मासेमारीला जाते, तिथे तळाचे मासे धरायला गोल गळच वापरायचा आणि लहान मासा सोडून द्यायचा, असा नावेचा नियम आहे. त्याला हिसका द्यायचा नसतो, नाहीतर तो माशाच्या तोंडातून निसटतो. दोरी सावकाश ओढली की तो आपोआप माशाच्या जबड्यात बसतो, आणि लहान मासा जिवंत सोडता येतो. तसले चार गळ नांदेडला घरी आणले आणि आता सगळीकडे हाच नियम आहे, असं अण्णांना ठोकून दिलं.

"सोडायचाच तर धरायचा कशाला?" अण्णा हसले.

सकाळी विष्णुपुरीच्या धरणावर आम्ही दोघंच. मासा लागून दोरीवरचं बूच बुडालं की अण्णा हिसका देणारच, जन्माची सवय. तीनदा गळ रिकामा आला. "खोटा हाय तुझा गळ!" लई चिडले. त्यांचा हात थरथरतो, हिसका आता वेळेवर बसत नाही, हे बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

चौथ्यांदा दमले असावेत. हिसका न देता नुसती दोरी ओढत राहिले. वीतभर रोहू आला, गळ बरोबर जबड्याच्या कोपऱ्यात.

अण्णांनी गळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझ्या हातासाठी आणलास ना?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी थरथरत्या हातानं गळ काढला आणि वाकून रोहू पाण्यात सोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

"नियम हाय म्हणलीस ना," म्हणाले, "मग पाळावा लागंल."