पल्लवीबेनची फाइल

३ नोव्हेंबर
सुरत आवडली! कतारगामात खोली मिळाली. खाली खमणवाला, वर मोठी गच्ची. अविनाश गेल्यापासून नाशिकच्या घरात जीव रमत नव्हता. त्यानेच शिकवलेलं काम आता उपयोगी पडतंय. मगनभाईंच्या भरतकामाच्या कारखान्यात अकरा जुने संगणक आहेत. ते वायरलेस कार्डांवरून यंत्रांना नक्षी पाठवतात. नवी कार्डं या यंत्रांना चालत नाहीत, म्हणून जुन्यांना चालवणारी सॉफ्टवेअरं, म्हणजे ड्रायव्हर, सांभाळायला मी.

५ नोव्हेंबर
कार्डं मोठी विसराळू. वीज गेली की पाटी कोरी. संध्याकाळी मगनभाई मेन स्विचला नमस्कार करून तो बंद करतात; सकाळी मी प्रत्येक कार्डात त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याची अक्कल, पुन्हा भरते. फाइल माझ्या आधीच्या पल्लवीबेनने सुधारून ठेवलेली. बाई वैशाखात वारल्या. त्यांच्या फोटोला अगरबत्ती लावल्याशिवाय स्विच चालू होत नाही.

७ नोव्हेंबर
दोन कार्डं अडली. लोटू, धुळ्याकडचा कारागीर, हसून म्हणाला, “मावशी, पल्लवीबेन नुसता हात लावे तरी चालू व्हई जाये!” मगनभाईंनी सुस्कारा सोडला. शाळेत सिस्टर बिअट्रिस दरवर्षी लिलियनच्याच गळ्यात पदक घालायच्या, तेव्हा असाच काटा रुतायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मेलेल्या बाईचा हेवा! लाज वाटली. हेवा गेला नाही.

९ नोव्हेंबर
तिची फाइल पुसली. तिने जपून ठेवलेल्या प्रतीसुद्धा. कंपनीची मूळ फाइल भरली. अकराही कार्डं चालली! मगनभाईंनी स्वतः चहा आणून दिला. अविनाश असता तर म्हणाला असता, अरुणा, तू पक्की द्वाड आहेस.

११ नोव्हेंबर
आज यंत्रांच्या नोंदीत अकरा वेळा एकच ओळ: आवृत्ती पल्लवी. ती फाइल डिस्कवर नाही. सगळीकडे शोधली. मग कार्डांत येते कुठून?

१२ नोव्हेंबर
कमांड दिलीच नव्हती. नुसता हात लावला आणि कार्ड चालू झालं. लोटू हसला नाही. मला पल्लवीबेन म्हणाला. मी ओ दिली.

१३ नोव्हेंबर
उठले तेव्हा डोकं रिकामं. चहा टाकला. अविनाश साखर किती घ्यायचा — आठवेना. पल्लवीच्या नवऱ्याला, आनंदाला, गूळ लागतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. ती फाइल माझ्यातच —

१४ नोव्हेंबर
हातावर लिहून झोपले होते: अविनाश, माझा नवरा. सकाळी वाचलं. चेहरा येत नाही. नोकरी घे, खुर्ची घे, पल्लवी. तो नको. तो माझा —

१६ नोव्हेंबर
माझ्या खणात ही वही सापडली. कुणा अरुणाची. अक्षर सुबक, कॉन्व्हेंटचं. मी पल्लवी, आणि ही म्हणे माझ्या खुर्चीत बसत होती. नवऱ्यासाठी किती झुरते! मी गेले तेव्हा आनंदा तर दोन दिवसांत कामावर —

हातावर तिच्या माणसाचं नाव अजून आहे. टाचा घासायच्या वजरीने घासते आहे. रक्त येतंय, पण नाव जातंय. एकच अक्षर उर—