दादाची पावणेचार मिनिटं

दि. ९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीच्या मोबाईलवर कालपासून सहा वेळा फोन केला. सहाही वेळा तू हातानेच नको म्हणालास, असं तिने सांगितलं. म्हणून हे पत्र. पत्राला नको म्हणता येत नाही, फार तर उशीखाली सारता येतं.

दादा, मला अजून खरं वाटत नाही. बुटाच्या तळातून वर घुसलेला इंचभर स्क्रू, तो तुझ्या पायात रुतलेला, आणि त्याच पायावर उभा राहून तू चार दिवस कुणाच्या तरी कपाटाला दारं बसवत होतास. वहिनीने हे फोनवर सांगितलं. अजूनही काम करता करता मध्येच आठवतं आणि हात थांबतो.

मला कसं कळलं ते तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हा हेल्थ कोचिंगचा कोर्स घेतला, तेव्हा टकळीला आता बोलण्याचं सर्टिफिकेट मिळणार म्हणून तू मला चिडवलं होतंस. आमच्या बाई मात्र पहिल्या दिवसापासून उलटंच शिकवतायत. कोचने कमी बोलायचं. हो-नाहीत उत्तर संपेल असे प्रश्न विचारायचे नाहीत. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं, म्हणजे आपल्याला नीट कळलंय का ते त्याला तपासता येतं. आणि तो थांबला की आपणही थांबायचं. त्या रविवारी फोनवर वीस मिनिटं तू माझा पहिला क्लायंट झालास, तेव्हा हे सगळं मला तोंडपाठ होतं. फोन ठेवल्यावर ‘ऐकणे’ या रकान्यात मी स्वतःला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण विनय म्हणून कापला.

गृहपाठ असा होता की तुझ्या परवानगीने रेकॉर्ड केलेलं बोलणं शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं, खोकल्यासकट, आणि कोण किती बोललं ते घड्याळ लावून मोजायचं. परवा दुपारी लिहायला बसले. वीस मिनिटांत सव्वासोळा मिनिटं मी बोलले आहे. तुझ्या वाट्याला पावणेचार.

त्या पावणेचार मिनिटांत तू म्हणालास की हल्ली लादी गार आहे की गरम ते डाव्या पायाला समजत नाही. त्यावर मी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं. मग तू म्हणालास की एकदा डावा बूट घालायचाच राहिला, तसाच वर्कशॉपभर फिरलास, आणि गिऱ्हाइकाने सांगितलं तेव्हा कळलं. त्यावर मी खो खो हसले आणि मी दोन वेगळ्या चपला घालून बँकेत गेले होते तो किस्सा सांगितला. चार मिनिटं. शेवटी तू म्हणालास, आणखी एक आहे, पण... आणि मी तुला दिवसाला किती ग्लास पाणी पितोस ते विचारलं.

हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं. तुझ्यासारखा जुना मधुमेह असला की पायाची जाणीव जाते हा धडा आम्हाला तुझ्या फोनच्या आधल्याच आठवड्यात झाला होता, मी त्याच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या. तुला फोन लावला तर तू करवतीवर, उचलला नाहीस. मग वहिनीला लावला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन आधी त्याचा डावा बूट काढ म्हणाले. पुढचं तुला माहीत आहे.

हवं तितकं रागाव, फक्त लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
टकळी


दि. १२ सप्टेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांना दिलं. वाचलं, घडी घातली, उशीखाली सारलं. तू काळजीत असशील म्हणून मी लिहिते आहे.

त्या दिवशी मी गेले तेव्हा हे रंधा मारत होते. बूट काढा म्हटलं तर म्हणाले, ही काय बूट काढायची वेळ आहे का. दोन कारागिरांसमोर मी कधी आवाज चढवलेला नाही, त्या दिवशी चढवला. फळ्यांच्या थप्पीवर बसवलं आणि स्वतः बूट ओढला. मोजा पायापासून सुटेना. पाणी लावून सोडवला तर तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, सगळं काळंनिळं, आणि बुटात तो स्क्रू उभा. यांनी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले की हा आपल्याकडचा नाही, आपण पितळी वापरतो.

टकळे, मला रक्ताची भीती वाटत नाही, त्या वाक्याची वाटली. ज्याच्या पायात स्क्रू गेलाय तो माणूस स्क्रू कुठल्या धातूचा हे सांगतोय. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, नाही, आणि ते खोटं बोलत नव्हते.

पू हाडापर्यंत गेला होता. काल सकाळी करंगळी काढली. आणखी दोन दिवस पाय कुठे लाल होतो का ते बघणार आहेत, मग कळेल की एवढ्यावर भागलं की नाही. मी पांघरूण दूर करून दर तासाला बघते. नर्सबाई मला आता ओळखतात आणि बघून झालं का म्हणून विचारतात.

राग आहे, पण तो माझ्यावर नाही, तुझ्यावर. का ते सांगत नाहीत. मला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. एकतीस वर्षं एका घरात काढली, यांचा शर्ट मळला की यांच्याआधी मला दिसतो, आणि पायातली जाणीव गेलेली मला कळली नाही. तुला सांगितलं, मला सांगितलं नाही. का, हे अजून विचारलेलं नाही. विचारायला गेले की आवाज भांडणाचा येतो. तुमच्या बाईंनी शिकवलं असेल, तर असं काही कसं विचारायचं ते मला लिही.

तब्येत जप. आमच्यावर माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी
वहिनी


दि. १५ सप्टेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

करंगळी गेली. बाकी पाय शिल्लक आहे आणि राहील, असं डॉक्टर आज म्हणाले. आणखी दोन दिवस गेले असते तर घोट्याची भाषा करावी लागली असती, हेही म्हणाले. म्हणजे तुझ्या फोनमुळे पाय वाचला. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

त्या रविवारी सुरुवातीला तू कागदावरून वाचलंस की आपण जे बोलू ते आपल्या दोघांतच राहील. चांगला मास्तरणीचा आवाज लावला होतास. मी ते खरं मानलं. पायाचं मी कुणाकडे काढलं नव्हतं, कारण तुझ्या वहिनीला कळलं की दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला कुलूप, हे मला ठाऊक होतं. त्या एका वाक्याच्या भरवशावर तोंड उघडलं. तू आधी ऐकलं नाहीस. आणि ऐकलंस तेव्हा दहा मिनिटांत हिच्या कानावर घातलंस. कारागिरांसमोर मला मोजा सोडवून घ्यावा लागला.

तुझं चुकलं असं म्हणता येत नाही आणि राग जात नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

पाणी दिवसाला आठ ग्लास पितो आहे. नर्सबाई मोजतात.

यापुढे मी तुझा क्लायंट नाही. भाऊ आहेच, त्यातून सुटका नाही. आशीर्वाद आहेत ते राहतील.

दादा


दि. १९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. पाय राहणार, हे वाक्य मी घरात मोठ्याने तीनदा म्हटलं.

आता जे लिहिते ते तुला अजून माहीत नाही. मी वाचलेल्या कागदावर ते वाक्य तिथे संपत नव्हतं. आपण जे बोलू ते आपल्या दोघांत राहील, मात्र जिवाला धोका आहे असं दिसलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल, असं होतं. पुढचा अर्धा भाग मी गाळला. भावापुढे जिवाबिवाचं अभद्र कशाला बोलायचं, म्हणून. परक्या माणसापुढे वाचला असता. तू म्हणतोस माझं चुकलं असं म्हणता येत नाही. येतं. मी तुला अर्धाच शब्द दिला, आणि तू तो पुरा समजून बोललास. तो अर्धा भाग वाचला असता, तर पायाचं मला सांगायचं की नाही हे तुला ठरवता आलं असतं.

हे सगळं बाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं आता कोर्समधून नाव कमी होणार. त्या रागावल्या नाहीत. सव्वीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकून पोरांना धावायला लावलं, तिथे हुकूम द्यायची सवय लागली, असं मी म्हणत होते. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं आणि मग एवढंच विचारलं की त्या वीस मिनिटांत तुम्हाला कशाची भीती वाटत होती. दादा, माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला आधी माहीत नव्हतं. तू गप्प झालास की मला भीती वाटते. लहानपणापासून. आई आजारी असताना तू जेवायला बसायचास आणि एक शब्द बोलायचा नाहीस, मी त्या गप्पपणात बडबड भरायचे. अजून तेच करते आहे, आता सर्टिफिकेटसाठी.

सोबत लिहून काढलेले सगळे कागद पाठवते. ते तुझे आहेत. रेकॉर्डिंग तू म्हणशील तर पुसून टाकेन. दुसऱ्या कुणाबरोबर नवा गृहपाठ करायची बाईंनी परवानगी दिली आहे. मला हाच द्यायचा आहे, नावाशिवाय, नऊ गुणांचा शून्य करून. पण तू नको म्हणालास तर नाही देणार, आणि कारणही विचारणार नाही.

वहिनीला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात काय आहे ते तुला सांगत नाही.

या पत्रात तुला चार ठिकाणी सल्ला दिला होता. चारही खोडले. डाग दिसतील, ते तेच आहेत.

माझ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस एवढंच मागणं.

तुझी
टकळी


दि. २४ सप्टेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

अर्धं वाक्य गाळल्याचं वाचून दिवसभर तुला मनात शिव्या घातल्या. संध्याकाळी वाटलं, वाचलं असतंस तरी मी सांगितलं असतं की नाही हे मला तरी कुठे माहीत आहे. बहुधा नसतं सांगितलं. मग आज पाय नसता. हा हिशेब लागत नाही, म्हणून सोडून दिला.

गृहपाठ दे. शून्य मात्र करू नकोस, एक ठेव, शेवटी तू ते लिहायला बसलीस म्हणून.

तुझे कागद वाचले. आपण इतकं कमी बोलतो हे मला माहीत नव्हतं. वाचताना पेन्सिल घेतली, कारण जिथे मी थांबलोय तिथे तू टिंबं टिंबं काढली आहेस, आणि त्या टिंबांच्या जागी काय होतं ते मला पक्कं आठवतं. कागदावर जागा पुरली नाही, म्हणून इथे लिहितो.

लादीचं बोललो तिथे पुढे सांगणार होतो की याला दोन वर्षं झाली. दोन महिने नव्हे. इथल्या डॉक्टरांनाही मी महिनेच सांगितले होते.

बूट राहिल्याचं बोललो तिथे तू हसलीस, मीही हसलो, ते टेपवर आहे. पुढचं असं की त्या दिवशी घरी आलो, बाथरूमला आतून कडी लावली आणि पटाशीची धार तळव्याला टेकवली. थोडी दाबली. रक्त आलेलं दिसलं, लागलेलं कळलं नाही. मग पाय धुतला, मोजा चढवला आणि जेवायला बसलो. तुझ्या वहिनीने भाजी कशी झाली विचारलं, मी छान म्हटलं.

आणि आणखी एक आहे, पण... याच्यापुढचं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. गेल्या उन्हाळ्यापासून. पायाचं सुरू झालं होतं ना, तसंच अगदी. चहाचा कप धरला की तीन बोटांना गरम लागतो, या दोन बोटांना नाही. मी या हाताने करवतीवर लाकूड पुढे ढकलतो, चाळीस वर्षं ढकलतोय, आणि पात्यापासून बोट किती लांब आहे हे मी डोळ्यांनी कधी बघितलं नाही, ते बोटांनाच कळायचं. आता बघावं लागतं. मला भीती वाटते, टकळे. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितो आहे. करवत कालच बंद करायला सांगितली. दोघा कारागिरांना तसा फोन केला.

ही इथे स्टुलावर बसली आहे. काल हिने मला विचारलं की मला सांगणं कशामुळे अवघड गेलं, आणि मग चक्क गप्प बसली. हिचा असा आवाज मी ओळखत नाही, तूच शिकवला असणार. मला काल उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र पाकिटात घालायच्या आधी हिला वाचायला देतो आहे.

वाचलं तिने. माझा उजवा हात मांडीवर घेतला आहे आणि एकेक बोट दाबून माझ्या तोंडाकडे बघते आहे. करंगळी दाबली ते मला बघून कळलं. हात सोडत नाही, म्हणून ह्या ओळी डाव्या हाताने लिहितोय, वाकड्या आल्या तर चालवून घे. लोभ आहेच.

दादा